श्वास शिकवणारा भिक्खू : आचार्य झीयी यांचे जीवन

चीगोंग हा शब्द आता आपल्याकडेही कानावर पडू लागला आहे. संथ हालचाली, लांब श्वास, नाभीखाली लक्ष आणि शरीरातल्या ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीची जोपासना, असा हा जुना चिनी व्यायाम. ज्यांनी आनापान केले आहे, त्यांना तो पाहून ओळखीचे काहीतरी वाटते. मग प्रश्न येतो : उपासकाने हे शिकावे का? हे धम्मात बसते, की धम्माच्या नावावर आलेले नवे कर्मकांड आहे?

या प्रश्नावर आमचे मत आम्ही शेवटी मांडू. त्याआधी ज्या माणसाने चौदाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न स्वतःच्या साधनेत सोडवला, त्याचे जीवन आपण समजून घेऊ. त्यांचे नाव झीयी. चीनमधील तिएनताई परंपरेचे ते खरे संस्थापक. बुद्धांचा श्वासाचा अभ्यास आणि चिनी लोकांची श्वासविद्या या दोन्ही गोष्टी एका शिस्तीत बसवून त्यांनी सामान्य गृहस्थाला कळेल अशा भाषेत शिकवल्या.

दोन प्रवाह

झीयी यांच्या जन्मापूर्वी कितीतरी शतके चीनमध्ये श्वासाचे व्यायाम चालत होते. चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इ.स.पू. 168 मधील एक कबर 1973 मध्ये उघडण्यात आली. तिच्यात रेशमावर काढलेले एक चित्रपट सापडले. त्यात 44 स्त्री-पुरुष वाकताना, ताणताना, हात उचलताना दिसतात. अंग ताणून श्वास खेळवण्याच्या या विद्येला ते दाओयिन म्हणत. ताओ मताचे साधक दीर्घायुष्यासाठी ती करत. दुखण्याप्रमाणे वेगवेगळ्या आवाजात श्वास सोडण्याची सहा श्वासांची पद्धतही त्यांच्यात रूढ होती.

दुसरा प्रवाह भारतातून गेला. इ.स. 148 मध्ये पार्थिया देशाचा भिक्खू आन शिगाव लुओयांगला पोहोचला. त्याने चिनी भाषेत आणलेल्या पहिल्या ग्रंथांपैकी एक आनापानसतीवरचा होता. त्यात श्वासाच्या सहा पायऱ्या आहेत : श्वास मोजणे, त्याच्या मागोमाग जाणे, स्थिर होणे, निरीक्षण करणे, मागे वळणे आणि परिशुद्धी. आपल्या विशुद्धिमग्गातही आनापानाच्या पायऱ्या गणनेपासूनच सुरू होतात, हे जाणकारांना ठाऊक आहे.

हे दोन्ही प्रवाह पुढे झीयी यांच्या शिकवणुकीत एकत्र आले.

युद्धात पोरका झालेला मुलगा

झीयी यांचा जन्म 538 मध्ये मध्य चीनमधील जिंगझोऊ प्रदेशात चेन आडनावाच्या घरात झाला. वडील लियांग राजघराण्याचे अधिकारी होते. त्या काळी चीन उत्तर आणि दक्षिण अशा तुकड्यांत विभागलेला होता. 554 मध्ये उत्तरेच्या सैन्याने लियांगची राजधानी जिआंगलिंग घेतली. पडण्यापूर्वी राजाने आपला प्रचंड ग्रंथसंग्रह जाळायला लावला आणि नंतर तो मारला गेला. हजारो माणसे गुलाम करून उत्तरेला नेण्यात आली.

या उलथापालथीत चेन कुटुंबाचे सर्व काही गेले. थोड्याच काळात आईवडीलही वारले. एवढे मोठे घर बघता बघता कसे संपते, हे त्या मुलाने पाहिले. त्याने भिक्खू होण्याचा निश्चय केला. थोरल्या भावाने त्याला अडवले. आईवडील गेले, आता धाकटाही सोडून चालला, हे त्याला सोसवेना. तरीही झीयी यांनी अठराव्या वर्षी चीवर घेतले आणि विसाव्या वर्षी त्यांची उपसंपदा झाली. या भावाची आठवण वाचकांनी ठेवावी, तो पुढे पुन्हा येणार आहे.

गुरू हुईसी

560 मध्ये झीयी दासू पर्वतावर आचार्य हुईसी यांच्याकडे गेले. हा डोंगर दोन राज्यांच्या सरहद्दीवर होता आणि भोवती लढाया चालू होत्या. उत्तरेकडे ध्यान करणारे भिक्खू ग्रंथांकडे फारसे पाहत नसत. दक्षिणेकडे ग्रंथांवर प्रवचने रंगत, पण बसण्याची सवय कमी होती. हुईसी यांचा आग्रह होता की दोन्ही हवे. डोळा एक आणि पाय दुसरा, अशी माणसाची अवस्था असू नये.

हुईसी यांची प्रकृती नाजूक होती. मतभेदापोटी विरोधकांनी त्यांना विष दिल्याच्या घटना त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. एकदा हातपाय चालेनासे झाले, तेव्हा त्यांनी औषधाची वाट न पाहता आजाराकडेच ध्यानाचा विषय म्हणून पाहिले. 558 मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी डोंगरातल्या वनौषधी आणि शरीराच्या आतल्या ऊर्जेची साधना यांची इच्छाही व्यक्त केली आहे. हेतू असा की आयुष्य वाढावे आणि धम्माचे काम जास्त काळ करता यावे. ताओ साधकांचे साधन धम्माच्या कामासाठी वापरण्याचा हा विचार झीयी यांना गुरूच्या घरीच मिळाला. दासू पर्वतावर सद्धर्मपुण्डरीक सूत्राचे पठण करीत असताना त्यांना खोल समाधीचा अनुभव आला, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे.

शिष्य वाढले, साधक घटले

गुरूच्या सांगण्यावरून झीयी काही सोबत्यांसह दक्षिणेची राजधानी जिनलिंग, म्हणजे आजचे नानजिंग, येथे आले. तेथील वागुआन विहारात त्यांनी सुमारे आठ वर्षे ध्यान शिकवले. राजदरबारातले अधिकारी ऐकायला येत. माओ शी नावाच्या एका मंत्र्यासाठी त्यांनी श्वासाच्या त्याच सहा पायऱ्यांवर एक ग्रंथ सांगितल्याची नोंद आहे.

नाव झाले, गर्दी वाढली. इथे त्यांनी एक हिशेब मांडला, जो आजच्या प्रत्येक शिबिर-आयोजकाने वाचावा. पहिल्या वर्षी 40 जण बसले, त्यातल्या 20 जणांना फळ मिळाले. दुसऱ्या वर्षी 100 हून अधिक बसले, तेव्हाही 20 जणांनाच मिळाले. तिसऱ्या वर्षी 200 बसले आणि दहापेक्षाही कमी जणांच्या हाती काही लागले. पुढे शिष्य जसजसे वाढले तसतसे साध्य करणारे कमी झाले. शिवाय त्यांची स्वतःची साधनाही मागे पडत होती. गर्दी म्हणजे यश असे त्यांनी मानले नाही. राजाने थांबण्याची विनंती केली तरी 575 मध्ये ते राजधानी सोडून पूर्वेकडच्या तिएनताई डोंगरावर निघून गेले.

डोंगरावर ते उंच शिखरावर एकटे राहिले. समुद्रालगतच्या गावांतले लोक मासेमारीवर जगत. झीयी यांनी त्यांना करुणेचा उपदेश केला. मच्छीमारांनी माशांसाठी बांधलेले बांध सोडून दिले आणि पुढे राजाने ते पाणी संरक्षित जाहीर केले.

भावासाठी सांगितलेले पुस्तक

आता त्या थोरल्या भावाकडे वळू. त्याचे नाव चेन झेन. तो लष्करी खात्यात अधिकारी होता. परंपरेत अशी कथा सांगतात की एका भविष्यवेत्त्याने त्याचा चेहरा पाहून तो महिन्याभरात मरेल असे सांगितले. घाबरून तो भिक्खू झालेल्या धाकट्या भावाकडे आला. झीयी यांनी त्याला ध्यानाची पद्धत शिकवली. त्याने ती नेटाने केली आणि तो आणखी पंधरा वर्षे जगला. भविष्यवाणीचा भाग आपण बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की या भावासाठी झीयी यांनी एक छोटा ग्रंथ सांगितला. चिनी भाषेत त्याला शिआओ झीगुआन म्हणतात. झी म्हणजे समथ, गुआन म्हणजे विपस्सना. तेव्हा हा झाला ‘लहान समथ-विपस्सना’ ग्रंथ. एका संसारी, नोकरी करणाऱ्या माणसासाठी सांगितलेला असल्यामुळे तो आजही सहज समजतो.

ग्रंथात दहा प्रकरणे आहेत. सुरुवात आसनापासून किंवा श्वासापासून होत नाही. पहिले प्रकरण तयारीचे. त्यात शीलाचे पालन येते, पुरेसे अन्नवस्त्र येते, शांत जागा येते आणि चांगला मित्र येतो. मग पाच इंद्रियांच्या ओढीचा आणि पाच नीवरणांचा विचार आहे. चौथ्या प्रकरणात पाच गोष्टी जुळवायला सांगितल्या आहेत : आहार, झोप, शरीर, श्वास आणि मन. फार खाल्ले तर छाती भरते, फार कमी खाल्ले तर मन हलते. झोपेचेही तसेच. वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैल सोडू नयेत, ही तथागतांची शिकवण आपल्याला यात सहज ओळखता येते.

श्वासाबद्दल त्यांचे निरीक्षण फार बारीक आहे. ते श्वासाच्या चार अवस्था सांगतात. नाकातून आवाज येतो तो वारा. आवाज नाही पण अडखळतो ती धाप. आवाज नाही, अडखळतही नाही, पण अजून खरखरीत आहे ती नुसती हवा. आणि चौथा खरा श्वास, जो आहे की नाही असे वाटावे इतका तलम आणि अखंड असतो. वाऱ्यावर लक्ष ठेवले तर मन विखुरते, धापेवर ठेवले तर गाठ बसते, हवेवर ठेवले तर थकवा येतो. चौथ्या श्वासावर मन ठरते. तो आणायचा कसा? लक्ष खाली न्यावे, अंग सैल सोडावे आणि श्वास अंगावरच्या सर्व रंध्रांतून अडथळ्याविना ये-जा करतो आहे अशी कल्पना करावी. श्वास ओढून-ताणून लांब करायला ते सांगत नाहीत.

बसण्यापूर्वी अंग सात-आठ वेळा हलवून मोकळे करावे, तोंडाने जुनी हवा सोडावी, नाकाने ताजी घ्यावी. उठतानाही घाई नको. आधी मन विषयावरून सोडावे, तोंडाने श्वास सोडावा, मग अंग हळूहळू हलवावे, खांदे, हात, मान आणि शेवटी पाय. तळव्यांनी सर्व अंग चोळावे. तळवे एकमेकांवर घासून ऊबदार करावे आणि डोळ्यांवर ठेवावे, मगच डोळे उघडावे. एकदम उठल्यास डोके दुखते, सांधे आखडतात आणि पुढच्या बैठकीत चित्त लागत नाही, असा इशाराही आहे. आज चीगोंगच्या वर्गात शेवटी तळवे घासून चेहऱ्यावर फिरवतात. तशीच कृती या बौद्ध ग्रंथात चौदाशे वर्षांपूर्वी शिकवलेली आहे.

आजाराचे प्रकरण

नववे प्रकरण आजारावर आहे. साधक आजारी पडला तर काय करावे? झीयी म्हणतात, आधी कारण ओळखावे. चार महाभूतांचा तोल गेला आहे का, पाच अवयवांपैकी कोणाचे दुखणे आहे, हे पाहावे. मग उपाय सांगतात. दुखऱ्या जागी शांतपणे लक्ष ठेवावे. किंवा नाभीच्या जरा खाली ठेवावे. त्या जागेला ते उदान हे भारतीय नाव देतात आणि लगेच सांगतात की चीनमध्ये हिलाच दानतिएन म्हणतात. किंवा लक्ष तळपायांशी ठेवावे, कारण वर चढलेले मन खाली आले की शरीर सैल होते.

मग येतात ते सहा श्वास, थेट चिनी परंपरेतून घेतलेले. हृदयासाठी ‘ह’, मूत्रपिंडासाठी ‘चुई’, प्लीहेसाठी ‘हू’, फुप्फुसासाठी ‘स’, यकृतासाठी ‘श्यू’ आणि धडाच्या तिन्ही भागांत प्राणशक्ती खेळवणारी जी व्यवस्था चिनी वैद्यक मानते तिच्यासाठी ‘शी’. याशिवाय बारा श्वास आहेत, ज्यात श्वासाबरोबर कल्पनेचा वापर होतो : ऊब आणणारा, गारवा आणणारा, भरून काढणारा, समतोल करणारा वगैरे.

येथे आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, त्यांनी औषध नाकारायला सांगितले नाही. वनौषधी किंवा खनिज औषध आजाराला लागू असेल तर तेही घ्यावे, असे याच प्रकरणात स्पष्ट आहे.

दुसरी, उपाय करणाऱ्याच्या अंगी काय हवे याची त्यांनी यादी दिली आहे. विश्वास हवा, नियमित सराव हवा, सातत्य हवे, कारण ओळखण्याची अक्कल हवी, काय लागू पडते आणि काय सोडावे याची पारख हवी. फायदा झाला तर मिरवू नये आणि लगेच फायदा दिसला नाही तर निंदा करू नये.

तिसरी, हे प्रकरण नववे आहे, दहावे नाही. श्वासाने शरीर बरे करणे हे ग्रंथाचे अंतिम ध्येय नाही. शेवटचे प्रकरण फलप्राप्तीचे, म्हणजे प्रज्ञेचे आहे. शरीर ठीक ठेवायचे ते मार्गावर चालण्यासाठी.

त्याच प्रकरणात भुताखेतांमुळे होणाऱ्या आजारांचाही विचार आहे आणि मागच्या कर्माचाही. ते त्या काळाचे ज्ञान होते. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्यासारख्या लोकांनी ते जसेच्या तसे स्वीकारण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची बुद्धिवादी कसोटी दिली आहे. ती लावूनच झीयी यांनाही वाचावे. सहा आवाजांनी सहा अवयव बरे होतात, हे पटण्यासाठी पुरावा मागावा. संथ श्वासाने मन शांत होते, हे मात्र स्वतः बसून पाहता येते.

राजे, प्रवचने आणि अखेर

585 मध्ये राजाच्या आग्रहाने झीयी पुन्हा राजधानीत आले. 589 मध्ये उत्तरेच्या सुई घराण्याने दक्षिण जिंकली आणि त्यांनी दुसऱ्यांदा राज्य कोसळताना पाहिले. विजेत्यांचा राजपुत्र यांग गुआंग याने 591 मध्ये त्यांच्याकडून बोधिसत्त्वशील घेतले आणि त्यांना ‘प्रज्ञावंत’ अशा अर्थाची पदवी दिली. पुढे हाच राजपुत्र सम्राट झाला आणि आपल्या जुलमी कारभारामुळे बदनाम ठरला. झीयी यांनी त्याला विहारांच्या रक्षणासाठी जवळ केले, पण ते त्याच्या दरबारात राहिले नाहीत. जन्मभूमीकडे परतून त्यांनी युछुआन विहार उभा केला. तेथे 594 मध्ये त्यांनी ‘मोहे झीगुआन’, म्हणजे महान समथ-विपस्सना, या विषयावर प्रवचने दिली. शिष्य गुआनदिंग यांनी ती लिहून घेतली म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली आहेत.

597 च्या अखेरीस राजपुत्राच्या बोलावण्यावरून ते तिएनताई डोंगरावरून निघाले. वाटेत शिचेंग येथे, खडकात कोरलेल्या मैत्रेयाच्या भव्य मूर्तीजवळ, ते आजारी पडले. आयुष्यभर दुसऱ्यांना आजारावरचे उपाय शिकवणाऱ्या या आचार्यांनी तेव्हा औषध घेतले नाही. आपली वेळ झाली आहे हे त्यांनी ओळखले होते. औषधाने उरलेले आयुष्य थांबवून ठेवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. श्वासाच्या कोणत्याही युक्तीने मृत्यू टाळण्याचा दावा त्यांनी केला नाही.

शिष्यांनी विचारले की आपण साधनेत कुठपर्यंत पोहोचलात. त्यांनी सांगितले की शिष्यसमुदाय सांभाळला नसता तर आपण आणखी पुढे गेलो असतो. इतरांसाठी काम करताना स्वतःचे नुकसान झाले, म्हणून आपण खालच्याच पायरीवर राहिलो. इतका मोठा आचार्य शेवटच्या क्षणी आपली पायरी कमी सांगतो, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या सर्व ग्रंथांइतकी मोठी वाटते. चिनी पंचांगाच्या अकराव्या महिन्यात, साठाव्या वर्षी, बसलेल्या स्थितीतच त्यांचे निर्वाण झाले. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला गुओछिंग विहार आजही उभा आहे. 804 मध्ये जपानी भिक्खू साइचो येथे आले आणि ही परंपरा तेंदाई नावाने जपानला घेऊन गेले.

आपण काय घ्यावे

झीयी यांची शिकवण नंतर विहारांबाहेरही गेली. जिआंग वेईछियाव (1873–1958) या चिनी शिक्षणतज्ज्ञाला तरुणपणी क्षयरोग झाला होता. त्याने शांत बसण्याचा सराव केला, 1914 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि पुढच्या पुस्तकात झीयी यांच्या पद्धतीचा आधार घेतला. सहा श्वासांचा व्यायाम आज चीन सरकारच्या क्रीडा विभागाने प्रसृत केलेल्या चीगोंग प्रकारांपैकी एक आहे. शिकणाऱ्या बहुतेकांना झीयी यांचे नावही ठाऊक नसते.

आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर आणि कितीतरी विहारांत आनापान शिकवले जाते. मग चीगोंग शिकावे का? आमचे मत असे : शिकायला हरकत नाही. अंग मोकळे होते, गुडघे-कंबर हलती राहते, श्वास संथ होतो. वयस्कर उपासक-उपासिकांना बैठकीपूर्वी ते उपयोगीही पडेल. पण झीयी यांनी घातलेली शिस्त सोडू नये. आधी शील, मग आहार-झोपेचा तोल, मग शरीर आणि श्वास, आणि त्यापुढे प्रज्ञा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करा, हात न लावता आजार काढतो, एवढे पैसे भरा म्हणजे ऊर्जा देतो, असे कोणी म्हणाले तर तो झीयी यांचा वारस नाही. ज्याने भावाला श्वास शिकवला आणि औषधही घ्यायला सांगितले, त्याच्या शिकवणुकीत अशा व्यापाराला जागा नाही.

आणि शिबिराला किती लोक आले हे मोजताना आपण त्यांचा वागुआन विहारातला हिशेबही लक्षात ठेवू. किती बसले याच्या खाली, किती बदलले हाही आकडा लिहायला हवा.